लोकरीचं खोटं

आबा, केळफुलाच्या भाजीचं तुमच्याशी बोलायचं राहून गेलं. अठरा वर्षं झाली त्याला. त्या दिवशी समुद्राकाठच्या माझ्या खोलीत मी केळफूल म्हणून तुमच्या ताटात जे वाढलं, त्यात निम्मा मासा होता. ते तुम्हाला कळलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही जेवलात, "भाजी लई झ्याक झालती बाई" म्हणालात, दोन दिवसांनी एसटीत बसून गावी गेलात आणि आठ महिन्यांनी कायमचेच गेलात. मग विचारणार कुणाला? आज बीडच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, दवाखान्याच्या जुन्या वहीतले कोरे कागद फाडून लिहायला बसले आहे. बाहेरच्या खोलीत माय झोपली आहे आणि समोरच्या क्लासची पोरं गाड्या काढताना कल्ला करताहेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तोंडानं बोल की, कागद कावून नासवायलीस?" तुमचंही बरोबरच आहे. तुम्हाला वाचता येत होत्या त्या फक्त एसटीच्या पाट्या, त्याही बीड आणि नेकनूर एवढ्याच. तरी लिहिते. परवाच मी त्या समुद्रावरून परत आले आहे आणि लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

सुरुवात तलावापासूनच करायला पाहिजे. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायला आपण गावाखालच्या तलावावर न्यायचो. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे आहात, एकेका मेंढराला मानेला धरून आत ओढताय, खसाखसा चोळताय, सोडताय. मी आठ वर्षांची, ओली मेंढरं हाकलून उन्हाला बसवतेय. खुरांनी काठचं पाणी गढूळ व्हायचं आणि त्या गढुळाच्या कडेला बोटभर लांबीच्या चंदेरी मासळीचे कळपच्या कळप जमायचे. मेंढरांच्या अंगावरून सुटलेले लोकरीचे पुंजके पाण्यावर तरंगत जायचे. मासळी त्यांना खालून ढुशी द्यायची, तोंडात धरायची, थुंकायची, परत धरायची. दुसरा कुणी असता तर पुढचं मेंढरू ओढलं असतं. तुम्ही मात्र धुणं सोडून बघत राहिलात. माय भाकरी घेऊन आली तेव्हा अर्धी मेंढरं कोरडीच होती. त्यावर तिनं तुम्हाला जे काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, ती उठून वाचायची. त्याच आठवड्यात तुम्ही बीडहून येताना कागदात गुंडाळून गळ आणलेत.

पुढं तुम्ही जे केलंत ते मला आजही खरं वाटत नाही. घोंगडीचं सूत कातायच्या त्याच चातीवर तुम्ही दोरी कातलीत. पोटात जाड, टोकाकडं बारीक बारीक होत गेलेली. मधाच्या पोळ्याचं मेण घासून घासून ती अशी केलीत की पाण्यावर बुडायची नाही. तिचं जाड टोक काठीला, बारीक टोकाला हातभर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तंगुसाला गळ, आणि गळावर पांढऱ्या लोकरीचा एवढासा पुंजका, बकरीच्या काळ्या केसानं करकचून बांधलेला. गांडूळ नाही, पीठ नाही, काही नाही. गळाच्या आत तो उलटा काटा असतो ना, मासा अडकून राहावा म्हणून, तो तुम्ही दगडावर ठेवून ठेचून टाकायचात. "सोडवताना त्याचं त्वांड फाटाय नगं." आणि त्या पुंजक्याला तुम्ही नाव ठेवलंत खोटं. "खोटं बांधलं का गं?" "खोटं उन्हात टाक वाळायला." घरात आलेल्या पाहुण्याला कळायचं नाही हे बापलेक काय बोलताहेत.

टाकायला शिकवलंत तेव्हा माझा हात आसुडासारखा फाटकन पुढं यायचा. तुम्ही मागून मनगट धरायचात. "तसं न्हाई. आदी मागं जाऊ दे. दोरी मागं सरळ झाली की हाताला कळतं. मंग पुढं सोड." आणि मग ते वाक्य, जे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल: "खोटं पाण्यावर बसलं पायजे बाई, पडलं न्हाई पायजे." पडलं की मासळी बुजते. आणि कळपाच्या मधोमध कधीच टाकायचं नाही, सगळा कळप उधळतो. कळपाच्या बाजूनं चालत राहायचं आणि कडेच्या एकाला दाखवायचं. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, मेंढरांनीच शिकवलं होतं. दिवसभर मेंढरं चरत असायची आणि आपण काठाकाठानं मासळीच्या कळपाबरोबर चालत असायचो. मासा लागला की तुम्ही तो ओल्या तळहातावर घ्यायचात, उन्हात इकडून तिकडून बघायचात आणि पाण्यात सोडून द्यायचात. तुमच्या गळ्यात माळ होती. तुम्ही अंडंसुद्धा खात नव्हता. पाटलाच्या रानातला गडी हसून हसून बेजार व्हायचा. "बे, खायाची न्हाई तर धरायची कावून?" तुम्ही म्हणायचात, "बघायला." एवढंच.

एकदा मीही तुम्हाला फसवायला गेले, आठवतं? नऊ वर्षांची होते. एक मासा सोडल्यासारखं केलं आणि झग्याच्या खिशात घातला. गावातल्या मैत्रिणीच्या घरी भाजून खायचा बेत होता. दुपारपर्यंत माझ्या खिशाला असा वास सुटला की कुत्रं मागं लागलं. तुम्ही विचारलंत, "खिशात काय हाय?" मी म्हटलं, "चिंचा." काय पण डोकं! तलावाच्या आसपास चिंचेचं एक झाड नव्हतं. तुम्ही मारलं नाहीत. बाभळीखाली खड्डा करायला लावलात, मासा पुरायला लावलात आणि मग बसलात माझ्यासमोर. "खोटं बोलायचं ते माशाशी. त्याला बी मागनं सोडून द्यायचं आस्तं. माणसाला फसवलं तर त्याला सोडणार कुठं?" आणि संध्याकाळपर्यंत काठी स्वतःजवळच ठेवलीत. मला वाटलं आता काठी काही हाताला लागत नाही. पण मेंढरं वळवताना तुम्ही काठी माझ्या हातात दिलीत आणि मेंढरांमागं निघून गेलात. त्या दिवशी मी रडले होते, तुम्हाला दिसलं नव्हतं.

माळेचं खरं कारण मला कळलं ते नोकरीची ऑर्डर आली तेव्हा. सिस्टर म्हणून नेमणूक झाली, तीही थेट समुद्रकाठच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात. माय माझी ट्रंक भरत होती. भरता भरता म्हणाली, "तिकडं मासळी लई मिळती म्हणं. तू खा. तुझ्या बापानं तुझ्यापायी सोडली, तू काय सोडली न्हाईस." मी विचारलं, माझ्यापायी म्हणजे? तेव्हा तिनं सांगितलं. मी पाच वर्षांची असताना मला ताप भरला होता, वीस दिवस उतरेना. बीडच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तुम्ही देवाला बोललात, पोरगी उठू दे, मी माळ घालतो, मासळी तोंडात घालणार नाही. जिवापेक्षा जास्त आवडायची तुम्हाला मासळी. चकलांब्याला आत्याकडं नदीचा मासा शिजणार असं कळलं तर पायी निघायचात म्हणे, ऊन बघायचा नाहीत का पाऊस. आणि ते सगळं माझ्यासाठी सोडून तुम्ही नुसता मासा हातावर घेऊन बघत बसायचात! आबा, खरं सांगू? मला तुमचा राग आला. मला न विचारता एवढं ओझं कुणी सांगितलं होतं घ्यायला? मी बरी झाले होते, चांगली धडधाकट होते, सुया टोचून लोकांना रडवत होते. तरी तुमची शिक्षा चालूच.

म्हणून तर तुम्हाला मी समुद्रावर बोलावलं. एका घराच्या मागच्या बाजूला भाड्यानं खोली होती माझी. घरमालकीण कोळीण, मी तिला मावशी म्हणायचे. तुम्ही आलात ते खांद्यावर घोंगडी आणि हातात गळाची काठी घेऊन, चौदा तास एसटीत बसून, आणि चहासुद्धा न घेता म्हणालात, "चल, दाखव." किनाऱ्यावर तुम्ही पाण्याच्या कडेकडेनं चालत गेलात. मग म्हणालात, "एवढं पाणी, आन एक मेंढरू न्हाई प्यायला." ओंजळीत घेऊन चाखलंत आणि थू थू करत मागं सरलात. "आगं, मिठानं नासलंय की सगळं!" मावशीनं ऐकलं ते, आणि त्या दिवसापासून ती तुम्हाला बघितलं की पदराआड हसायची. काठी घेऊन रोज सकाळी आपण खडकांच्या बाजूला जायचो. इथं पाणी गढूळ करायला मेंढरं नव्हती, त्याची तुम्हाला पहिल्या दिवशी मोठी पंचाईत झाली होती. दुसऱ्या दिवशी तुम्हीच जागा शोधलीत, लाट फिरून वाळू उडवते तिथली. "हितं पानीच मेंढरावाणी गढूळ करतंय बग." त्या कडेला बांगड्याची आणि तारलीची बारकी पिल्लं शेकड्यांनी यायची. पाण्यावर तेवढ्याच भागात काटा आल्यासारखं व्हायचं. खाऱ्या पाण्यानं तुमची दोरी कडक व्हायची, मग तुम्ही ती मावशीच्या विहिरीवर गोड्या पाण्यात धुऊन वळणीवर टाकायचात. जावळ काढलेल्या लेकरासारखी तिची काळजी घ्यायचात.

पाचवा दिवस. चार दिवस मी वरण, भात, भाकरी आणि पिठलं यापलीकडं गेले नव्हते. तुम्ही पडवीत बसला आहात, तपकिरीची डबी उघडून चिमूट घेतली आहे. मावशी पलीकडं चुलीवर बांगडे भाजते आहे आणि धूर सरळ पडवीत येतो आहे. मी दारातून बघते आहे. तुम्ही चिमूट नाकाकडं नेलीतच नाही. तशीच बोटात धरून, डोळे मिटून बसून राहिलात. चांगली दोनेक मिनिटं. मग मला बघून दचकलात आणि म्हणालात, "वारं तिकडूनच सुटलंय." झालं. माझं डोकं सटकलं. मी मावशीकडं गेले आणि दोन बांगडे मागून आणले. केळफूल होतंच घरात. ते बारीक चिरलं, शिजवलं, खोबरं घातलं आणि बांगडा कुस्करून त्यात मिसळला. काटे काढायला दवाखान्याचा चिमटा उकळून घेतला होता, लोकांच्या पायात मोडलेले काटे काढायचा तसला. पितळीत मासा पसरून एकेक काटा वेचत तासभर बसले. मावशी म्हणाली, "अगो, माळकरी माणूस तो. पाप लागेल तुला." मी म्हटलं, लागू दे. मनाची समजूत घातली, की तीस वर्षं तपकीर ओढून तुमचं नाक मेलेलं आहे. ती दोन मिनिटं तुम्ही त्या नाकानं काय केलं होतं ते डोळ्यांनी बघितलेलं असूनसुद्धा.

ताट वाढलं. तुम्ही विचारलंत, "कशाची भाजी गं ही?" मी म्हटलं, "केळफुलाची. इकडं अशीच करतात." नऊ वर्षांची असताना चिंचा म्हणाले होते, त्याच तोंडानं. तुम्ही पहिला घास घेतलात, चावायला लागलात, आणि तेवढ्यात दवाखान्यातला माणूस धावत आला, बाई अडली आहे, चला. मी तशीच गेले. ते बाळ अडीच तासांनी झालं, चांगलं पावणेतीन किलोचं. परत आले तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं होतं आणि तुम्ही पडवीत घोंगडीवर आडवे होतात. "भाजी लई झ्याक झालती बाई." चेहऱ्यावर काहीच नाही. मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले, पण तुमचं तोंड कधी कुणाला वाचता आलं होतं? दुसऱ्या दिवशी खडकावर तुम्ही खोटं टाकत होता, लोकर पाण्यावर अशी बसत होती की पाण्याला कळू नये, आणि मासा काही येत नव्हता. मी म्हटलं, आज फसत नाहीत. तुम्ही दोरी मागं घेत म्हणालात, "सगळेच काय फसत न्हाईत गं. काय काय म्हाईत असून येत्यात." मला वाटलं, तुम्ही माशांचंच बोलताय. मीही मूर्खच.

आठ महिन्यांनी तुम्ही गेलात. मेंढरं कोंडून आलात, मायला पाणी मागितलंत आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं होतं. हार्ट अटॅक, मला कारण समजतं, रोज बघते मी. तरी तेराव्याला तुमच्या त्या माळेकडं बघून माझ्या मनात एकच आलं. नवस मी मोडला. देवानं माझ्यावर धाड घालायच्या जागी तुमच्यावर घातली. सिस्टर आहे, इंजेक्शनं देते, लोकांना सांगते असलं काही नसतं म्हणून. स्वतःला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी मासा खाल्ला नाही. बदली होऊन बीडला आले, लग्न, पोरगी, तिचं शिक्षण, सगळं झालं. कुणी विचारलं की सांगायचे, मला सोसत नाही. तुमची तपकीर संपलेली जुनी डबी तेवढी मी मागून घेतली. तुम्ही तिच्यात गळ ठेवायचात, लोकर बांधलेले आठ, बिनलोकरीचे तीन, आणि तळाशी एक बाभळीचा काटा. सुट्टीच्या दिवशी मी अजून तलावावर जाते आबा. आता काठी विकतची आहे, हलकी, आणि दोरीसुद्धा विकतची मिळते, पोटात जाड आणि टोकाला बारीक, न बुडणारी. बनवणाऱ्यांना वाटत असेल आपणच शोध लावला. टोकाला मात्र लोकरच बांधते, गळाचा काटा ठेचते, धरते, बघते, सोडते. गावातले म्हणतात, बापाची काठी गेली आणि लेकीची आली.

गेल्या आठवड्यात मावशीच्या नातीचं लग्न होतं, म्हणून इतक्या वर्षांनी तिकडं गेले. सकाळी काठी घेऊन त्याच खडकावर. लाट तिथंच फिरते, वाळू तिथंच उडते. पाणी शहारलं, बारके बांगडे आले. मी कळपाच्या कडेला टाकलं आणि तिसऱ्या वेळेला एक लागला. हातावर घेतला, पाठीवरच्या निळ्या रेघा बघितल्या, सोडला. मागं मावशी उभी, आता वाकलेली, हातात काठी. "धरतेस नि सोडतेस! बापासारखीच वेडी गो तू." दुपारी तिनं पाट मांडला आणि माझ्यासमोर बांगड्याची कढी ठेवली. मी म्हटलं, मी खात नाही. "कधीपासून?" मी सांगितलं. आबा गेले तेव्हापासून. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, पाटावर बसून सगळं भडाभडा बोलले, नवस, पायरी, मी मोडलेलं, सगळं. मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगो माझ्या बाय, अठरा वर्षं? मी त्याला शब्द दिला होता म्हणून गप्प बसले. पण असं उपाशी मारायला नव्हता दिला!"

आणि तिनं सांगितलं. मी दवाखान्यात धावले त्याच वेळी तुम्ही ताट घेऊन तिच्या चुलीपाशी गेलात. तळहात उघडून दाखवलात. तळहातावर एक काटा. "बाई, तुमच्याकडं केळफुलाला काटा आस्तो का?" मावशीला वाटलं आता हा म्हातारा शिव्याशाप देणार, ओकणार. ती म्हणाली, नाय हो बाबा, बांगड्याचा आहे तो, पोरीनं तुमच्यासाठीच केलं, तिला काय बोलू नका. तुम्ही काट्याकडं बघत राहिलात. मग गळ्यातली माळ डोक्यावरून काढलीत, तिच्या फळीवर नीट ठेवलीत आणि ताट पुढं केलंत. "मंग वाढा अजून थोडी." मावशी म्हणाली, अहो पण माळकरी ना तुम्ही? तर तुम्ही म्हणालात, "नवस तिच्यासाठी केलता. तिनंच वाढलंय. आता कुणाला इचारायचं?" तिथंच चुलीपाशी बसून तुम्ही सगळं संपवलंत, वर भाजलेला एक बांगडा खाल्लात, शेपटीसकट. हात धुतलात, चूळ भरलीत, माळ घातलीत. आणि जाताना म्हणालात, "तिला सांगू नगा. लई मन लावून काटे काढलेत पोरीनं. तिला वाटू द्या, मला कळलं न्हाई."

आबा, मी त्या पाटावर बसून लहान पोरीसारखी रडले. मावशी पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं कढी वाढत होती. आणि मी खाल्ली. दोन वेळा मागून घेतली. नाक गळतंय, डोळे गळताहेत आणि मी बांगडा खातेय. लग्नघरातल्या बायका दारातून बघून गेल्या, त्यांना वाटलं तिखट लागलं.

परवा घरी आले तर मायनं पहिला प्रश्न तोच विचारला, "काय खाल्लंस तिकडं?" नवसाची राखण अजून तीच करते, तुमच्या माळेला रोज फूल तीच वाहते. मी म्हटलं, "केळफूल." सवयीनं निघालं तोंडातून. माय म्हणाली, "तुझं आबा बी तिकडनं आलं ते केळफुलाचंच गुण गात. म्हणायचं, तसली भाजी जल्मात खाल्ली न्हाई. मला म्हणायचं, तुला का करता येत न्हाई? आता हितं मी केळफूल कुठनं आणू?" आणि अजून राग असल्यासारखी कूस बदलून झोपली. तुमचं खोटं तिच्यापुढं कसं अलगद बसलंय, बघा. अठरा वर्षं झाली, अजून हललं नाही.

आज ती झोपल्यावर मी डबी उघडली. अकरा गळ, लोकरीच्या दोनचार बटा, आणि तळाशी कोपऱ्यात तो बाभळीचा काटा. अठरा वर्षं मी त्याला बाभळीचा काटा समजत होते. गळाची गाठ सोडवायला ठेवला असेल म्हणून कधी हात लावला नव्हता. आज खिडकीपाशी नेऊन बघितला. बाभळीचा काटा सरळ असतो. हा वाकडा आहे, पातळ आहे, उजेड आरपार जातो. तुम्ही तो जपून ठेवलात आणि मला काही म्हणाला नाहीत. कमाल आहे तुमची.

हे कागद कुठं टाकणार? डबीत मावत नाहीत आणि मायच्या हाती लागून चालणार नाहीत, तेव्हा चुलीतच जातील बहुतेक. म्हणून एक गोष्ट, जी मावशीलाही सांगितली नाही, ती इथंच लिहून टाकते. मी सिस्टर आहे आबा. लेकराच्या तळपायातलं केसाएवढं कुसळ माझ्या हातून सुटत नाही. त्या दिवशी तो शेवटचा काटा माझ्या चिमट्यात आला होता. मी तो परत भाजीत ठेवला.